मल्लप्पा मास्तरांची पांढरी चार

नळदुर्गात हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की शहाणी माणसं बाजूला होतात. मल्लप्पा मास्तर जागच्या जागी उभे राहून त्या हॉर्नची पट्टी सांगायचे. "काळी दोन," म्हणायचे, आणि ट्रक अंगाला वारा लावून गेला की त्याच्या पाठीकडे बघत, "खालचा सूर बसलाय त्येचा. बदलून घ्याया पायजे." ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचीही पट्टी मास्तरांनी नक्की सांगितली असती.

ज्यांचा पेटीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि गाणं कोणत्या पट्टीपासून धरलं यावर ते गळ्याला किती उंच जाईल ते ठरतं. पांढरी तीनपेक्षा पांढरी चार एक पायरी वर. हे ज्ञान मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मिळालं, तेही मास्तरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत दिलं. मी तेव्हा नळदुर्गच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होतो. गाण्यातलं मला काही कळत नाही हे सगळ्या स्टाफला माहीत असल्यामुळे सांस्कृतिक विभाग माझ्याकडे देण्यात आला होता. ज्याला कळतं तो वाद घालतो, असं प्राचार्यांचं मत होतं.

मास्तर पेट्या दुरुस्त करायचे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान, त्यात उघड्या पोटाच्या पाच-सहा पेट्या, भात्याचं चामडं, पेटीत वाजणाऱ्या पितळी जिभांनी, म्हणजे सुरांनी, भरलेले गोळ्यांचे डबे, आणि मधोमध पोत्यावर मांडी घालून मास्तर. सत्तरीला टेकलेले, अंगानं वाळके, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. घरात कन्नड, बाहेर मराठी. ठोके मोजताना मात्र ते कन्नडमध्ये मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु", आणि भांडताना मराठीत भांडायचे. मोजायला आईची भाषा बरी आणि भांडायला गिऱ्हाइकाची, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

त्यांच्या कानाबद्दलच्या कथा नळदुर्गपासून पार येडशीपर्यंत ऐकायला मिळायच्या. तरुणपणी रामलिंगच्या देवळात एक मोठी भजनी पार्टी रंगात आलेली असताना मास्तर मागून उठून पुढे गेले आणि पेटीवाल्याला म्हणाले, "सहाव्या सुरात कायतरी बसलंय." पेटीवाला चिडला. भजन थांबलं, भांडण झालं, पेटी उघडली. सहाव्या सुरात ज्वारीचं फोलपट निघालं. तेव्हापासून मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरात या कानाची किंमत वेगळी होती. त्यांच्या बायको शांताक्का मला एकदा म्हणाल्या, "सर, कुकरची शिट्टी झाली की हे बसल्या जाग्यावरून पट्टी सांगत्यात. पण उठून कुकर उतरवतेत म्हनताव का? पांढरी पाच, पांढरी पाच म्हनंस्तवर डाळ खाली लागती." मास्तर शेजारीच होते. ते म्हणाले, "डाळ लागल्यावर शिट्टी उतरती. म्या तवा सांगितलं व्हतं."

दुकानाची एक रीत होती. कुणालाही कुठल्याही गाण्याची पट्टी विचारता यायची. भजनी मंडळाचा म्होरक्या यायचा, लग्नाचा बँडवाला यायचा, गॅदरिंगसाठी शाळेच्या बाई यायच्या. मोबाईलवर गाणं वाजवून दाखवायचं. मास्तर डोळे मिटून सबंध ऐकायचे, मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. मग एक चिठ्ठी लिहून द्यायचे. तिच्यावर चार ओळी: पट्टी, लय, ठेका, स्वभाव. पहिल्या तीन ओळी कुणालाही समजाव्यात अशा. चौथीत मास्तरांचं स्वतःचं मत असायचं. एका लग्नाच्या गाण्याच्या चिठ्ठीवर मी "स्वभाव: मुलाकडचं" असं वाचलेलं आहे. एका देशभक्तिपर गाण्यावर लिहिलं होतं, "दुसऱ्याला मरायला सांगतं."

लय मोजायला त्यांना घड्याळ लागत नसे. आपली नाडी मिनिटाला बहात्तर पडते, कधी एकाहत्तर नाही की त्र्याहत्तर नाही, अशी त्यांची खात्री होती. डाव्या मनगटावर बोटं ठेवून ते गाण्याची चाल नाडीशी ताडून बघायचे. त्यामुळे गिऱ्हाइकाशी भांडण झाल्यावर आलेली सगळी गाणी त्यांना संथ वाटायची. हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "भांडणात माझी नाडी वाढत न्हाय. समोरच्याची वाढती."

आणि पेटीला सूर लावायची त्यांची पद्धत तर जगावेगळी. पहिला सूर ते कशाशीही ताडून बघत नसत. दुसरी पेटी नाही, सुरांचं यंत्र नाही. डोळे मिटायचे, डोक्यातला सूर ऐकायचा, आणि कानशीनं पितळ घासत घासत पहिला सूर त्याला मिळवायचा. मग बाकीचे सगळे त्या पहिल्याच्या आधारानं. "आधी घरातला म्हातारा नीट बसवायचा," ते म्हणायचे, "मग बाकीची बिऱ्हाडं त्येच्याकडं बघून आपोआप बसत्यात." गेल्या तीन वर्षांत तर त्यांच्या हाताचं कौतुक आणखीच वाढलं होतं. गावोगावची भजनी मंडळं म्हणायची, मास्तरांची पेटी गळ्याला सोपी पडते. जिथे म्हाताऱ्यांचा आवाज फाटायचा तिथे आता फाटत नाही. बेंबळीचे एक आबा तर म्हणाले होते की मास्तरांच्या हातात देव आहे. मास्तर हे ऐकून घ्यायचे आणि भस्म नीट करायचे.

या माणसाकडे मी रॉक गाणं घेऊन गेलो.

त्याचं असं झालं. आमच्या कॉलेजात वैष्णवी नावाची मुलगी होती. गाव बेंबळी, राहायला नळदुर्गात मामाकडे. तिनं चार पोरं गोळा करून बँड काढला होता. एकाची गिटार, एकाचा लग्नाच्या बँडमधून आणलेला ड्रम, हिचा कीबोर्ड आणि हिचाच गळा. गाणंही हिनंच लिहिलेलं. नाव "हळू बोल". पोरीचा आवाज जन्मतः मोठा, आणि घरात उठल्यापासून झोपेपर्यंत तिला हे दोनच शब्द ऐकावे लागत.

*हळू बोल, पाव्हणं दारात हायत,*
*हळू बोल, भिंतीला कान हायत*

असं कुजबुजत सुरू व्हायचं, आणि मग ड्रम पडला की "हळू बोल!" एवढ्या जोरात ओरडायची की प्राचार्य केबिनबाहेर येऊन तेच शब्द म्हणायचे. त्यांना वाटायचं आपण शिस्त लावतोय. पोरांना वाटायचं सर कोरस देतायत.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी एक फॉर्म भरायचा होता. त्यात गाण्याची पट्टी, लय, ताल आणि सांगीतिक वैशिष्ट्ये असे रकाने होते. मी वैशिष्ट्यांच्या रकान्यात "चांगले आहे" असं लिहून बघितलं. माझं मलाच बरं वाटलं नाही. म्हणून मी आणि वैष्णवी मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी गाणं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा तोंड आंबट झालं. दुसऱ्यांदा बोटं मनगटावर गेली. तिसऱ्यांदा मांडी हलायला लागली.

"ठेका चारचाच हाय," ते म्हणाले. "आपला केरवाच. पण केरव्याला मार बसलाय. पहिल्या ठोक्यावर जोर द्यायचा सोडून दुसऱ्यावर आन् चौथ्यावर देत्यात. नवरदेवाला सोडून करवल्याच्या गळ्यात हार घातल्यागत."

"त्येच्यातच मज्जा हाय मास्तर," वैष्णवी म्हणाली.

"मज्जा हाय. करवल्याला लई बरं वाटत असंल." ते पुन्हा मनगट धरून बसले. "सुरू व्हतंय एकशेवीसनं. संपतंय एकशेचाळीसला. गाणं पळतंय तुझं, पोरी. कोण लागलंय मागं?"

"घरातले समदे."

"मग पळू दे. पर पळतंय म्हणून फॉर्मात लिवायचं. न्हायतर लोकास्नी वाटंल, तुमाला कळंना." मग गिटारचा तो खरखरीत, फाटलेला आवाज त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण मास्तरांचा चेहरा उजळला होता. "ह्यो तर पिठाच्या गिरणीचा आवाज. पट्टा सुटायच्या आधीचा. लई चांगला धरलाय पोरानं." आणि मग सहज, चहा सांगावा तसं म्हणाले, "पट्टी पांढरी चार. उदास गाण्यागत गांधार कोमल, पर गाणं उदास न्हाय."

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, म्या पांढरी तीनवर वाजवतेय की."

"बोट तीनवर असंल. सूर चारचा हाय."

"पर कीबोर्डावर..."

"कीबोर्डाला कान असत्यात का?"

विषय संपला. मी फॉर्मवर पेन्सिलीनं "पांढरी चार" लिहिलं. पेन्सिलीनं का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भूगोलाची सवय असावी, नद्या पात्र बदलतात.

मास्तरांना मात्र त्या गाण्यानं झपाटलं. चौथ्या दिवशी ते स्वतःची पेटी खांद्यावर घेऊन आमच्या हॉलमध्ये हजर झाले. मधे जिथे गिटार एकटी वाजते, तिथे खालून पेटीचा एकच लांब सूर धरला तर गिरणीला आधार येईल, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. पोरं खूश झाली. रॉकमध्ये पेटी म्हणजे महोत्सवात कुणाकडे नसेल अशी गोष्ट. वैष्णवीनं कीबोर्डवर पांढरी तीन दाबली. तिचं म्हणणं ताडून बघायला मास्तरांनीही पेटीवर पांढरी तीनच दाबली.

मला गाण्यातलं कळत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. पण जे ऐकू आलं ते कळायला गाणं कळावं लागत नव्हतं. दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ड्रमवाल्या पोरानं दात आवळले.

"तुमचा कीबोर्ड चढलाय," मास्तर म्हणाले.

कीबोर्ड चढत नाही की उतरत नाही. तो कारखान्यातून जसा येतो तसा मरतो. हे कुणीतरी हळूच बोललं. मास्तरांनी ऐकलं. मग गिटारवाल्यानं आपलं सूर तपासायचं छोटं यंत्र काढलं, ड्रमवाल्यानं मोबाईलवर सूर दाखवणारा काटा काढला. कीबोर्डाच्या सुराला दोन्ही ठिकाणी काटा मधोमध, हिरवा. पेटीचा सूर दाबला की काटा डावीकडे, लाल. जवळजवळ पायरीभर खाली. मास्तरांनी तीनतीनदा करून बघितलं.

"तिन्ही एकाच कंपनीचे असतील," ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

कुणाला तरी काहीतरी करायला हवं होतं. वैष्णवीनं केलं. तिनं कीबोर्डचं एक बटण दाबलं, आणखी दोनदा दाबलं, पांढरी तीन वाजवली. ती पेटीला बरीच मिळाली. "व्हय मास्तर," ती म्हणाली, "आमचाच चढला व्हता. आता आला बगा जाग्यावर."

मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी मान डोलावली. पोरांनीही डोलावली. एवढ्या माना एकदम डोलताना बघून प्राचार्यांना आनंद झाला असता.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. "बाळ," ते म्हणाले, "तू सूर खाली उतरवलास. म्या ऐकला उतरताना."

म्हणजे कान शाबूत होता. सूर केसभर हलला तरी त्यांना ऐकू येत होतं. म्हणूनच आमचं खोटं चाललं नाही. दुसरा कुणी असता तर सहज फसला असता आणि सुखानं घरी गेला असता. मास्तरांनी भाता बंद केला, पेटीला पट्टा लावला आणि गेले.

आठवडाभर दुकान बंद. मी गेलो तेव्हा शांताक्कांनी दार उघडलं आणि बोटानं आत दाखवलं. "कुकर झाला तरी बोलनात," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

मास्तर सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरनं कानाला लावून टिकटिक ऐकवली, तपासलं, आणि सांगितलं की या वयात इतका ठणठणीत कान मी पाहिला नाही. मास्तरांनी त्यांना आपला त्रास सांगितला. डॉक्टर म्हणाले, आजोबा, जरा गोड कमी खा. शेवटी वैष्णवीनंच मोबाईलवर शोधून काढलं. ज्यांच्या डोक्यात जन्मतः पट्टी बसलेली असते, अशा माणसांना वय झाल्यावर सगळं एक पायरी वर ऐकू यायला लागतं. वाजते तीन, ऐकू येते चार. तुम्हाआम्हाला हा आजार होत नाही, कारण आपल्याला मुळात पट्टीच कळत नाही.

"म्हंजी कान चांगला व्हता म्हणून बिघडला," मास्तर म्हणाले. "तुमचा बिघडला नसता, सर."

मी हे कौतुक म्हणून घेतलं नाही.

मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. ते पहिला सूर डोक्यातून लावायचे. डोक्यात सगळं एक पायरी वर ऐकू येत असेल, तर त्यांनी लावलेली प्रत्येक पेटी एक पायरी खाली गेली असणार. तीन वर्षं. कितीतरी गावं. पेटीतले सगळे सूर मात्र एकमेकांशी घट्ट, कारण ते पहिल्याच्या आधारानं लावलेले. मृदंगही त्या पेटीवरच मिळवायचा. मग कुणाला कळणार? उलट म्हाताऱ्यांना गाणं सोपं पडायला लागलं.

"हातात देव हाय म्हणायचे," मास्तर म्हणाले. "देव न्हाय. चूक व्हती."

मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, मास्तर, कुणाचं काय बिघडलं? माणसं खूश आहेत. मंडळं सुरात आहेत. आपल्या-आपल्यात सगळं बरोबर आहे. देवाला काय पट्टी कळते? मी फार समजूतदारपणे बोललो. असं बोलायची मला नोकरीत सवय झाली होती.

"सर," ते म्हणाले, "म्या उभ्या जन्मात दुसरं काय केलं न्हाय. शेती भावाला दिली. पोरगं झालं न्हाय. म्या पांढरी तीनला पांढरी तीन म्हणलो, एवढंच केलं. ते बी खोटं निघालं तर मग काय हाय माझं?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खिशातून फॉर्म काढला. त्यांनी तो घेतला, "चार" खोडून "तीन" लिहिलं. खोडताना बोट जरा थांबलं. मग वैशिष्ट्यांच्या रकान्यात त्यांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: "ठेका चार मात्रांचा, जोर दुसऱ्या व चौथ्यावर. लय वाढत जाते, मुद्दाम. गिटार गिरणीसारखी. गाणारी चिडलेली आहे. कारण योग्य आहे."

फॉर्म तसाच गेला. गाण्याला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, लय सांभाळावी. मास्तर महोत्सवाला वाजवायला आले नाहीत. "माझं बोट आन् माझा कान सध्या बोलत न्हाईत एकमेकांशी," असा निरोप त्यांनी पाठवला.

ते दुसऱ्याच कामाला लागले होते. मोबाईलवर तो काटा घालून घेतला, पिशवीत कानस भरली आणि लावलेली एकेक पेटी पुन्हा वर चढवायला गावोगाव निघाले. बेंबळीला मी त्यांच्याबरोबर होतो, कारण तिथले आबा म्हणजे वैष्णवीचे आजोबा, आणि पोरीला मी सोबत आणावं असं मास्तरांना वाटत होतं. मारुतीच्या देवळात दुपारभर बसून मास्तरांनी पेटी चढवली. संध्याकाळी मंडळ जमलं. भजन सुरू करण्याआधी मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, तीन वर्सं ही पेटी म्या चुकीची लावली व्हती. आज बरोबर केलीय."

कुणाला काही कळलं नाही. आबांनी अभंग धरला. नेहमीच्या जागी वर गेले आणि आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. टाळ थांबले.

"मल्लप्पा," आबा म्हणाले, "काय केलंस रे हे? पेटी पार बिघडवलीस."

"न्हाय आबा. तीन वर्सं बिघडलेली व्हती. आता..."

"तवा लई ग्वाड व्हती. आता नरडं फाटाय लागलंय. तुझा हात गेला, मल्लप्पा."

"आबा, हळू बोला," वैष्णवी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हे दुसऱ्याला म्हणायला मिळालं होतं, आणि तिचा आवाज रडका होता. "मास्तर खरं बोलत्यात."

मंडळी गोड बोलली. म्हणाली, वय झालंय, होतं असं. पेटी परत पहिल्यासारखी करून द्या, म्हणजे झालं. करायला तासाभराचं काम. सगळे खूश झाले असते आणि मास्तरांच्या हातातला देव परत आला असता. मी मास्तरांकडे बघत होतो. मला वाटतं, क्षणभर त्यांच्याही मनात आलं असावं.

"आबा," ते म्हणाले, "तुमाला खाली गायचं असंल तर खालच्या पट्टीवरनं धरा. शेजारीच हाय ती पट्टी. पर तीनला चार म्हणायला मला सांगू नगा."

शेजारची पट्टी धरावी, एवढं साधं. पण आबा पन्नास वर्षं पांढरी चारवरून गात आले होते. पांढरी तीनवरून गाणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. तिथे कुणीच ते करणार नव्हतं.

बेंबळीच्या मंडळानं पंधरा दिवसांत पेटी सोलापूरला दुसऱ्या कारागिराकडे नेली आणि पायरीभर उतरवून आणली. त्या कारागिराचं नाव झालं. हळूहळू आणखी गावं तिकडे गेली. मास्तरांच्या दुकानात उघड्या पोटाची एकच पेटी उरली, कधी तीही नाही. मी म्हटलं, मास्तर, बाजारात आता चूक चालते. ते म्हणाले, "आधी बी चालत व्हती. आता म्या विकत न्हाय, एवढंच."

पुढे माझी धाराशिवला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना भेटायला गेलो. कुणा महिला मंडळाची पेटी समोर होती, एक बाई पायरीवर बसून वाट बघत होत्या. मी दारातून हाक मारली. मास्तरांनी वर बघितलं नाही. पुन्हा मारली. मग जवळ गेल्यावर दिसलं, त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे मोठे बोळे होते. नजर मोबाईलच्या काट्यावर, हातात कानस. सूर घासायचे, भाता दाबायचे, काटा बघायचे, पुन्हा घासायचे. मुक्यानं चाललेलं काम. काटा हिरवा झाला की पुढचा सूर.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, मग हसले.

"कापूस कशाला, मास्तर?" मी हातानं विचारलं.

"ऐकू आलं की हात चुकतोय," ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "कान भांडतोय काट्याबरुबर. आन् म्या कानाच्या बाजूनं जातोय."

मी बसलो. शांताक्कांनी चहा आणला. तासाभरानं शेवटचा सूर हिरवा झाला. मास्तरांनी कानशीवरचं पितळ फुंकलं, पेटी मिटली, फडक्यानं पुसली. मग कापसाचे बोळे काढून मांडीवर ठेवले, भाता उघडला आणि पांढरी एकपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश वाजवली. बाई कौतुकानं ऐकत होत्या. मलासुद्धा छान वाटलं. मास्तरांचा चेहरा मात्र प्रत्येक सुरागणिक दुखऱ्या दातावर पाणी पडावं तसा आक्रसत गेला.

शेवटच्या पट्टीवर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बरोबर हाय, बाई," ते म्हणाले. "न्या."